घरातल्या मोठ्यांचं बोलणं बदललंय? अल्झायमरच्या सुरुवातीच्या खुणा कशा ओळखाव्यात आणि पुढे काय करावं

१९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात औगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिच्याशी झालेली संभाषणं शब्दशः लिहून ठेवली. पेन्सिल, किल्ली, पुस्तक दाखवलं तर ती नावं बरोबर सांगायची. पुढ्यात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, तेव्हा काय खाताय असं विचारल्यावर मात्र म्हणाली, पालक. १९०७ साली छापलेल्या टिपणात डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: कपाला ती ‘दूध ओतायचं भांडं’ अशा अर्थाचा शब्द वापरायची. ज्या रुग्णामुळे हा आजार जगाला कळला, तिच्या कागदपत्रांतच बोलण्याच्या खुणा आहेत. आपल्याकडे अल्झायमर म्हटलं की फक्त विसराळूपणा डोळ्यांसमोर येतो आणि बोलण्यातला बदल ‘वय झालं आता’ या तीन शब्दांत मिटतो.

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. तो लवकर कळला तर औषधोपचार, पैशांचे व्यवहार, घरातली व्यवस्था या सगळ्याला वेळ मिळतो आणि निर्णयांमध्ये त्या व्यक्तीला स्वतः भाग घेता येतो.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. ‘अगं ते हे दे ना, त्या ह्याच्यातलं’ हे वाक्य मराठी घरात तिशीतला माणूससुद्धा दिवसातून चारदा बोलतो. त्यामुळे नुसत्या ‘ते हे’वरून काहीच ठरत नाही. शेजारच्या काकांशी तुलना करूनही काही कळणार नाही. तुलना करायची ती त्याच माणसाच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या बोलण्याशी. मुळातच अबोल असलेले बाबा गप्प बसले तर ती बातमी नाही. नक्कल करून सगळ्यांना हसवणारी आत्या लग्नघरात कोपऱ्यात बसून राहिली, तर आहे.

आधी विचारा: बदल किती वेळात झाला?

हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी. बोलणं काही मिनिटांत किंवा तासांत बिघडलं असेल, जीभ जड झाली, शब्दच फुटेना, भलतंच बोलू लागले, तोंड वाकडं झालं किंवा एका हातातली ताकद गेली, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा किंवा सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा व्यवस्थित कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका. ‘सकाळपर्यंत बघू’ हा इथे सर्वांत महागात पडणारा निर्णय असतो.

बदल दोन-चार दिवसांतला असेल, मधूनच गुंगी, मधूनच असंबद्ध बडबड, रात्री जास्त गोंधळ, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नव्याने सुरू झालेली गोळी अशी कारणं शोधावी लागतात. त्यासाठीही त्याच दिवशी डॉक्टर. पडण्याचा इतिहास आठवून पाहा. न्हाणीघरात पाय घसरल्यानंतर काही आठवड्यांनीसुद्धा कवटीच्या आत साचलेल्या रक्तामुळे बोलणं आणि वागणं बदलू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो.

अल्झायमरची चाल संथ असते. महिने, वर्षं जातात. ‘नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही’ असं सगळ्या घराने म्हणणं हीच त्याची ओळख.

काय ऐकायचं

वयाने जे होतं ते आधी बाजूला काढू. नावं उशिरा आठवतात, नातवाला हाक मारताना आधी दोन मुलांची आणि एका पुतण्याची नावं येऊन जातात, शब्द ओठांवर येऊन अडतो आणि भाजी निवडताना अचानक आठवतो. यात काळजीचं काही नाही. निरोगी म्हातारपणात शब्दसंग्रह चांगला टिकतो, फक्त शब्द हाती यायला वेळ लागतो.

अल्झायमरच्या सुरुवातीला वस्तूंची आणि माणसांची नावं अडायला लागतात आणि त्यातही कमी वापरातली आधी. ‘भांडं’ राहतं, ‘सांडशी’, ‘किसणी’, ‘झारा’ निसटतात. मग तीन प्रकारे वेळ मारून नेली जाते. एक, वर्णन: ‘ते खोबरं बारीक करायचं’. दोन, जवळचा पण चुकीचा शब्द: झाऱ्याला उलथनं, मेथीला पालक. तीन, सगळ्याला ‘ते’, ‘हे’, ‘वस्तू’. मराठीत नात्यांचे शब्द बारीक आहेत. जाऊ, नणंद, विहीण, साडू यांत आयुष्यभर गल्लत न करणारी बाई सरसकट ‘आपली ती’, ‘त्यांच्याकडची’ असं म्हणू लागली तर त्याची नोंद घ्यावी, कारण असे शब्द तिच्या रोजच्या वापरातले होते.

यातूनच बोलणं हळूहळू पोकळ होत जातं. वेग तोच, हातवारे तेच, पण ऐकून झाल्यावर हाती काही लागत नाही: ‘तो आला होता ना, मग त्याने त्याला सांगितलं, ते तिकडेच राहिलं बघ.’ कोण, कुठे, काय राहिलं? घरातल्यांना संदर्भ माहीत असल्याने ते मनातल्या मनात रिकाम्या जागा भरत राहतात आणि म्हणूनच बदल त्यांच्या नजरेतून सुटतो. वर्षातून एकदा येणारी मावशी तो पटकन पकडते. तिने काही म्हटलं तर रागावू नका.

पुनरुक्तीचंही तसंच. १९७२ च्या दुष्काळाची तीच गोष्ट प्रत्येक दिवाळीला सांगणं हा आजोबांचा हक्क आहे. ‘दूधवाला येऊन गेला का?’ हे दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारणं, आणि आधी विचारल्याचं आणि उत्तर मिळाल्याचं भानच नसणं, हे वेगळं.

गर्दीतलं बोलणं घरातल्यापेक्षा आधी कोलमडतं. भिशी, कट्टा, सोसायटीची बैठक अशा ठिकाणी चौघं एकदम बोलतात, विषय उड्या मारतात, विनोद होतात. तिथे धागा सुटतो, मग माणूस हसण्यात नुसता हसतो आणि काही दिवसांनी जाणंच बंद करतो. ‘गुडघे दुखतात’ हे कारण खरंही असेल, पण एकदा तपासून बघा. आणखी एक खूण डॉक्टरही मुद्दाम पाहतात: प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी मान बायकोकडे किंवा मुलाकडे वळते. साधा प्रश्न, तरी आधार हवा.

लिहिणं विसरू नका. शब्दकोडं अर्धवट राहतं, हिशेबाच्या वहीत एकच नोंद दोनदा येते, व्हॉट्सॲपवर स्वतःची वाक्यं थांबून फक्त फुलांची सुप्रभात उरते. इथे तुमच्या हातात एक मोठी सोय आहे, जी आधीच्या पिढ्यांकडे नव्हती: जुने मेसेज आणि आवाजी निरोप फोनमध्ये पडून आहेत. दोन वर्षांपूर्वीचे आणि आताचे सलग ऐका. आठवणीवर विसंबण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का.

अशी तुलना संशोधकांनीही केली आहे. ब्रिटिश कादंबरीकार आयरिस मरडॉक यांची शेवटची कादंबरी १९९५ ची. त्यानंतर त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. २००५ मध्ये तिची तुलना त्यांच्या आधीच्या कादंबऱ्यांशी केली तेव्हा वाक्यरचना टिकलेली दिसली, शब्दांचं वैविध्य मात्र आटलेलं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९९४ मध्ये आपला आजार जाहीर केला. २०१५ च्या एका अभ्यासात त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातल्या पत्रकार परिषदा तपासल्या, तर वेगवेगळे शब्द घटत गेलेले आणि मोघम शब्द वाढत गेलेले आढळले. यावरून त्यांना पदावर असतानाच आजार होता असं सिद्ध होत नाही, आणि तुमच्या आईचे मेसेज वाचून तुम्हालाही निदान करता येणार नाही. मात्र डॉक्टरांकडे जावं की नाही हे ठरवायला एवढं पुरेसं आहे.

दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांकडे वेगळं लक्ष द्यावं. बेळगाव, इंदूर, बडोदा इथली मराठी घरं, मुंबईतले बँकेत इंग्रजीत नोकरी केलेले लोक. उशिरा शिकलेली भाषा आधी मागे पडू शकते, आणि हिंदीत बोलणाऱ्या शेजाऱ्याला मराठीत उत्तर जातं. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. म्हणून भाषा येणाऱ्याला हा आजार होतच नाही, असा अर्थ कृपया काढू नये.

काय फसवतं

आजाराच्या सुरुवातीला उच्चार स्वच्छ राहतात, व्याकरण बऱ्यापैकी शाबूत असतं, आवाज खणखणीत असतो. ‘बोलतात तर व्यवस्थित!’ हा समज त्यामुळेच होतो. उलट जीभ जड होणं, शब्द घोगरे येणं, आवाज एकसुरी आणि बारीक होणं यामागे बहुधा दुसरं काही असतं: झटका, पार्किन्सन्स, औषधांचा परिणाम, कधी नुसती न बसणारी कवळी.

पाठांतर तर फारच फसवं. लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं, आरत्या, पाढे, म्हणी आजार बराच पुढे गेला तरी टिकतात. ‘आई अख्खं स्तोत्र न अडखळता म्हणते, तिला काय धाड भरलीय?’ हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचं नवल वाटत नाही. घासून गुळगुळीत झालेलं बोलणं आणि त्या क्षणी नवं वाक्य जुळवणं ही मेंदूची दोन निरनिराळी कामं आहेत.

परदेशी असलेल्या मुलांसाठी खास सूचना. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘बरी आहे रे, तू जेवलास का? थंडी आहे का तिकडे?’ एवढ्यात पाच मिनिटं जातात. हे सगळे घडीव प्रश्न आहेत आणि शिष्टाचार बराच काळ टिकतो. ‘काल वाड्यात हळदीकुंकू होतं ना, कोणकोण आलं होतं? काय काय झालं?’ असं मोकळं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. मागून बाबा उत्तरं पुरवत असतील तर तेही टिपा. कित्येक जोडपी एकमेकांना इतकं सांभाळून घेतात की एक जण दवाखान्यात दाखल होईपर्यंत दुसऱ्याचं काही बाहेर येत नाही.

उलट दिशेनेही फसगत होते, म्हणजे अल्झायमर नसताना तसं वाटतं. कमी ऐकू येणारा माणूस असंबद्ध उत्तरं देतो. नैराश्यातला माणूस ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’ म्हणून विषय संपवतो. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात हे फार दिसतं. ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते. थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, दारू. यातलं बरंचसं सुधारतं, म्हणून घाबरून तपासणी टाळणं हे दुहेरी नुकसान.

चार ते सहा आठवड्यांची वही

एक साधी वही करा. ‘आई खूप विसरते, नीट बोलत नाही’ या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. तारीख, प्रसंग, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि पुढे काय झालं, एवढं लिहा. उदाहरणार्थ: ‘मंगळवार, संध्याकाळ. चहा करताना गाळणी हवी होती. “ते पाणी जायचं दे” म्हणाली. मी गाळणी दाखवल्यावर “हां, तेच.” नाव नंतरही आलं नाही.’ शब्द नंतर आला की नाही, सुचवल्यावर ओळखीचा वाटला की नाही, हा तपशील मोलाचा. सोबत झोप, आजारपण, नवं औषध यांची नोंद ठेवा. चांगले दिवसही लिहा. फक्त चुका टिपल्या तर चित्र वाकडं होतं.

बोलण्याबाहेरचं काही बदललंय का ते त्याच वहीत असू द्या: बिल दोनदा भरणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, गॅस चालू राहणं, स्वयंपाकातला क्रम चुकणं.

काही मोकळ्या गप्पाही मदत करतात. पुरणपोळी सुरुवातीपासून कशी करायची ते सांगायला लावा, किंवा जुन्या अल्बममधल्या एखाद्या गजबजलेल्या फोटोत काय चाललंय ते. क्रम लागतो का, पदार्थांची नावं येतात का, मध्येच धागा सुटतो का? रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा. एक गोष्ट मात्र करू नका: पाहुण्यांसमोर ‘सांग बघू मी कोण? आज वार कोणता?’ अशी परीक्षा. माणसाला आपलं काहीतरी निसटतंय हे बऱ्याचदा आधीच कळलेलं असतं, आणि चारचौघांतला असा एक प्रसंग त्याला बोलणं बंद करायला पुरतो.

डॉक्टरांकडे

सुरुवात घरच्या डॉक्टरांपासून करायला हरकत नाही. रक्ताच्या तपासण्या (हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, थायरॉइड, जीवनसत्त्व ब १२, मूत्रपिंड आणि यकृत), कानांची तपासणी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा आढावा. गोळ्यांची पिशवीच उचलून न्या, त्यात आयुर्वेदिक आणि न विचारता घेतलेलीही आली. त्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्या शहरांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्मृती तपासणीची वेगळी ओपीडी असते का, ते विचारा.

‘चल, तुझं बीपी तपासू’ असं खोटं सांगून नेण्याच्या मी विरोधात आहे. पहिल्याच भेटीत विश्वास गेला तर दुसरी भेट होत नाही. ‘शब्द अडतात असं तूच म्हणतेस ना, कान आणि रक्त बघून घेऊ’ हे खरंही आहे आणि पचणारंही. वहीतल्या नोंदींचं एक पान आधीच डॉक्टरांकडे द्या, म्हणजे आईसमोर तिच्या चुकांचा पाढा वाचावा लागत नाही. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी सोबत हवी.

चाचणी मातृभाषेतून घ्यावी, असा आग्रह धरा. शाळा किती झाली हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. चौथी शिकलेल्या आजीचे गुण शिक्षणामुळेही कमी येतात, आणि निवृत्त प्राध्यापकाला आजार सुरू झाल्यावरही भरपूर गुण मिळू शकतात. म्हणून दहा मिनिटांच्या चाचणीच्या आकड्यावर निदान होत नाही. रोजच्या व्यवहारात काय बदललं याला तितकंच वजन असतं. एमआरआयमधून गाठ, जुने झटके, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना ते कळतं आणि आठवणींशी संबंधित भाग आकसलाय का ते दिसतं. तो ‘नॉर्मल’ आला म्हणून सुरुवातीचा अल्झायमर नाही, असं मात्र नाही.

एक प्रकार मुद्दाम सांगतो, कारण तो फार उशिरा ओळखला जातो. काहींमध्ये स्मरणशक्ती चांगली असताना बोलणंच आधी बिघडतं: वाक्याच्या मध्ये लांब थांबे, शब्द शोधणं, आणि लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणता न येणं. असा माणूस कधी पासष्टीच्या आतला, नोकरीतला असतो, आणि त्याला ताणतणावाचं लेबल लागतं. याच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमरच असतो. तुमच्या घरात चित्र असं असेल तर ‘आठवण चांगली आहे, मग काही नाही’ या उत्तरावर थांबू नका.

निदान ‘सौम्य बोधन-ऱ्हास’ असंही येऊ शकतं, म्हणजे स्मरण किंवा विचारशक्ती वयाच्या मानाने घटलेली, पण रोजचे व्यवहार अजून जमतात. तो प्रत्येकाचा वाढतोच असं नाही. सहा महिने ते वर्षाने पुन्हा तपासणी करायची. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन, मेमँटिन ही औषधं काहींना लक्षणांमध्ये काही काळ मदत करतात, आजार बरा करत नाहीत. रक्तदाब, साखर, ऐकू येणं सांभाळणं हा उपचाराचाच भाग. ‘स्मरणशक्ती वाढवणाऱ्या’ जाहिरातींवर पैसे घालू नका. गिंको या लोकप्रिय वनस्पतीची अमेरिकेत ३,००० हून अधिक ज्येष्ठांवर चाचणी झाली आणि २००८ च्या निष्कर्षांत स्मृतिभ्रंश टाळायला तिचा उपयोग दिसला नाही.

तोवर घरात कसं बोलायचं

शब्द अडला की लगेच पुरवू नका. मनात दहापर्यंत मोजा. तरी आला नाही तर दोन पर्याय द्या: ‘गाळणी हवी की चमचा?’ अर्थ कळला असेल तर चुकीचा शब्द दुरुस्त करायची गरज नाही, झारा म्हणत उलथनं मागितलं तर उलथनं द्यावं. वाक्य छोटं, एका वेळी एकच गोष्ट. टीव्ही बंद, चेहरा समोर. ‘मघाशीच सांगितलं ना!’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याने आठवत तर नाहीच, फक्त अपमान लक्षात राहतो. गर्दीच्या कार्यक्रमाऐवजी एक-दोन माणसांच्या गप्पा जमवा आणि नातवंडांनाही कारण समजेल असं सांगून ठेवा.

वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाणं मराठी घरांत फक्त तोतऱ्या मुलांसाठी मानलं जातं. शब्द शोधायच्या युक्त्या, फोटो आणि नावांची वही, घरच्यांना बोलण्याचं प्रशिक्षण यासाठी त्यांचा उपयोग होतो आणि तो सुरुवातीलाच जास्त. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच क्षेत्रात काम करते. अल्झायमरच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या शाखा अनेक शहरांत आहेत, आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. बँकेतलं नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि पुढच्या उपचारांबद्दलची इच्छा या गोष्टी मात्र पुढच्या तपासणीपर्यंत ढकलू नका. आई-बाबा स्वतः नीट सांगू शकतात तोवर, वकिलाला आणि डॉक्टरांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.